बंदुकीवरचा आकडा

आमच्या घरात रविवारचा वास दोन गोष्टींचा असे. एक चुलीवर भाजलेल्या सुकटीचा आणि दुसरा बंदुकीच्या तेलाचा. आई सुकट भाजून पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर रगडायची आणि त्याच वेळी आबा पडवीत जुनं धोतर अंथरून त्यावर बंदूक उघडायचे. ती मधून दुमडली की खट् असा एक जाड, समाधानी आवाज व्हायचा. तो आवाज झाला की आमची शेळी कान टवकारायची आणि आई आतून म्हणायची, "झाली का तुमची पूजा सुरू?" आबांचं लक्ष नळीकडे असे. ते काठीला चिंधी गुंडाळून नळीत घालायचे, पुढे-मागे ओढायचे, मग नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघायचे. मलाही बघू द्यायचे. आत नुसता चकचकीत गोल उजेड असायचा, विहिरीच्या तळातून आभाळ दिसावं तसा.

बंदूक विलायती दुनळी होती. आबा फौजेत हवालदार होते. त्यांच्या एका इंग्रज साहेबांनी मुलूख सोडून जाताना ती रीतसर त्यांच्या नावावर करून दिली होती, आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून आबांना परवाना मिळाला होता. बंदुकीच्या पोटाशी, नळ्यांच्या खाली, एक आकडा कोरलेला होता. तेल लावून झालं की आबा त्यावरून अंगठा फिरवत आणि पुटपुटत, "चार सात एक एक तीन." मला शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी हा आकडा पाठ झाला होता.

आमची बौद्धवस्ती मुठा खोऱ्यातल्या एका गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगत. वरच्या आळीतली भातखाचरं रानडुकरं रात्रीत उलथून टाकायची. लोक डबे बडवायचे, फटाके लावायचे, डुकरांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आबा बांधावर जाऊन हवेत एक बार काढायचे आणि चार दिवस शांतता व्हायची. डुक्कर मारल्याचं मला आठवत नाही. पण त्या एका बारापायी वरच्या आळीतले बबननाना, ज्यांच्या वडिलांनी माझ्या आजोबांना कधी अंगणाच्या पुढे येऊ दिलं नव्हतं, ते सुगीच्या दिवसांत स्वतः ओढा उतरून यायचे आणि म्हणायचे, "हवालदार, या की वर. चहा टाकलाय. ओट्यावरच बसू." आबा जायचे, ओट्यावर बसायचे, बंदूक मांडीवर आडवी ठेवून कपबशीतला चहा प्यायचे. घरी आल्यावर आईला सांगायचे, "कप कानाचा व्हता, येगळा ठेवलेला फुटका न्हाई." आई म्हणायची, "मग काय सोन्याचा पायजे व्हता का?" पण तिलाही ते आवडायचं, हे मला कळत असे. बंदूक म्हणजे आमच्या घराची तेवढी एक उंची होती. आज मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, माझ्या घरात कानाचे कप ढिगाने आहेत, आणि तरी हे वाक्य लिहिताना मला त्या एका कपाचं वजन आठवतं.

मी आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर. पौडला शाळा, मग पुण्यात कॉलेज, रोज पहाटेची एसटी. आबा मला थांब्यापर्यंत सोडायला यायचे आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहायचे. घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येऊ लागला. रेशनकार्ड, सातबारा, आबांच्या पेन्शनचा कागद. आणि बंदुकीचा परवाना. जुनी पुस्तिका भरली तेव्हा नवी आणायला पुण्याच्या कचेरीत मीच गेले. कारकुनाने पुस्तिका पुढे सरकवली, रजिस्टर फिरवलं आणि म्हणाला, "तपासून मिळाली असं लिहा, सही करा." मी आबांचं नाव बरोबर आहे का ते पाहिलं, गावाचं नाव पाहिलं, ऐटीत सही केली. आबांनी घरी ती पुस्तिका उघडूनही पाहिली नाही. मी आणली होती ना, मग काय बघायचं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी ती ट्रंकेत ठेवली.

त्याच वर्षी बंदुकीचा दस्ता तडकला. आबा ओढा ओलांडताना घसरले आणि बंदूक दगडावर आपटली. त्यांच्या गुडघ्याला मोठी जखम झाली होती, पण ते बंदुकीलाच गोंजारत बसले. तेव्हा पिरंगुटला, बाजाराच्या टोकाला, एक बंदुकीचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आणि वर जिम आहे. दुकान एका शेठचं. गोरा, गुळगुळीत, बोलायला फार गोड. त्याने आबांना पाहताच खुर्ची पुढे केली. "बसा हवालदारसाहेब. ताई, तुम्ही पण बसा. चहा सांगू?" चहा आला, तोही कानाच्या कपात. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. शहराकडच्या दुकानात कुणी आम्हाला असं बसवलं नव्हतं. आम्ही त्या खुर्चीवर तेव्हाच विकले गेलो होतो, हे मला फार उशिरा समजलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला खिडकीजवळ कारागिराचं बाक होतं. पांचाळ मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, कपाळावर भिंग, हाताला नेहमी काळं तेल. तो बोलताना वर बघत नसे. त्याने बंदूक घेतली, दुमडली, नळ्या सुट्या केल्या आणि तडकलेल्या दस्त्याकडे न बघता आधी नळ्यांखालचा आकडा वाचला. खडूने तो बाकावर लिहिला. मग हात पुढे केला. "लायसन." मी पुस्तिका दिली. त्याने ती उघडली, खडूच्या आकड्याशेजारी धरली आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

"ह्यात चार सात सात एक तीन हाय."

"असं कसं?" आबा म्हणाले. "चार सात एक एक तीन. तीस वर्सं बघतोय मी."

"बंदुकीवर तेच हाय. लायसनात चुकलंय."

मी म्हणाले, "मिस्त्री, सरकारी कागद आहे तो. शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्का मारणारा माणूसच की ताई," तो म्हणाला. "मी आदी वस्तू बघतो, मंग कागद. लोक उलटं करत्यात. कचेरीत अर्ज टाका, दुरुस्त करून देत्यात. आठ-पंधरा दिवसांचं काम. पर टाका मात्र."

"टाकते," मी म्हणाले.

पंधरवड्याने आम्ही बंदूक आणायला गेलो. तड गेली होती. मिस्त्रीने आतून अक्रोडाच्या लाकडाची चीप बसवून, रेषेला रेषा जुळवून, असं काम केलं होतं की सांधा दिसेना. आबांनी डोळे मिटून दस्त्यावरून नख फिरवलं. मग माझं बोट धरून माझं नख फिरवलं. "लागतंय का?" नाही लागत, मी म्हणाले. आबांनी वाकून मिस्त्रीला हात जोडले. मिस्त्री ओशाळला. "आवं, हे काय, हवालदार. काम हाय आमचं. अर्ज टाकला का ताई?" मी म्हणाले, "परीक्षा झाली की टाकते."

अर्ज मी टाकला नाही. हे प्रकरण लिहायला घेतलं ते हे वाक्य लिहिण्यासाठी. परीक्षा झाली, निकाल लागला, मी पास झाले, आईने वस्तीभर पेढे वाटले. मला वेळ नव्हता असं नाही. पण अर्ज टाकायचा म्हणजे त्याच कारकुनासमोर जायचं, आणि त्याने रजिस्टर फिरवून माझीच सही दाखवायची: तपासून मिळाली. मग त्याने माझ्याकडे जसं बघितलं असतं, ते मला नको होतं. आबांनी दोनदा विचारलं, "शालू, त्ये आकड्याचं?" मी दोन्ही वेळा म्हणाले, "होईल हो आबा. काही अडत नाही त्याच्यावाचून." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पदवीधर मुलीला तीनदा काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार.

पुढच्या पावसाळ्यानंतर निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, चौकीत किंवा परवानाधारक दुकानात. चौकीत त्या एका कोंदट खोलीत सरपणासारख्या एकावर एक पडतात आणि गंज घेऊन परत येतात. आबांना ते सोसणं शक्य नव्हतं. आम्ही शेठकडे गेलो. खुर्ची, चहा, सगळं तसंच. मिस्त्री त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. शेठने पावतीपुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "ताई, आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुमच्यासारखं शिकलेलं माणूस असताना मी कशाला लिहू? तुम्हीच भरा." मी फुशारले. नाव, गाव, परवाना क्रमांक. मग आलं: बंदुकीचा आकडा. माझं पेन थांबलं. बंदुकीवरचा लिहिला तर परवान्याशी जुळणार नाही, शेठ विचारेल, आबांसमोर सगळं निघेल. मी परवान्यातला लिहिला. चार सात सात एक तीन. खाली छापलेलं होतं: बंदूक प्रत्यक्ष पाहून नोंद केली. त्याखाली मी माझ्या सुंदर अक्षरात सही केली. आबा शेजारी बसून त्या अक्षराकडे कौतुकाने बघत होते. आकड्याकडे नाही.

निकाल लागून गुलाल धुऊन निघाला, तेव्हा आम्ही बंदूक आणायला गेलो. मला मधल्या काळात एका शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक मिळणार असं कळलं होतं. फक्त पोलिसांची चारित्र्य-पडताळणी बाकी होती. आबांनी ही बातमी दारातूनच शेठला सांगितली. "पोर मास्तरीण झाली जनू."

"वा वा," शेठ म्हणाला. खुर्च्या दिल्या. चहा मागवला. मग बंदूक काउंटरवर ठेवून त्याने ती दुमडली. "हवालदारसाहेब, तुम्ही घरचे म्हणून बोलतो. मला हे वर कळवावं लागेल."

"काय?"

"परवाना एका बंदुकीचा आणि बंदूक दुसरी. आकडा जुळत नाही. बिगरपरवाना हत्यार झालं हे. आणि इथे तर," त्याने पावतीपुस्तक उघडलं, "ताईंनी प्रत्यक्ष पाहून नोंद केली म्हणून खोटा आकडा लिहिलाय. सही आहे. केस झाली तर दोघांवर होईल. आता नोकरीच्या तोंडावर..."

"कारकुनाची चूक हाय ती!" आबा म्हणाले. "तुमच्या मिस्त्रीला ठावं हाय. त्यानंच सांगितलं व्हतं."

मिस्त्री खिडकीपाशी होता. कानस चालू होती, ती थांबली. आबा खुर्चीतून अर्धे उठून त्याच्याकडे बघत होते. मीही बघत होते. शेठ मागे वळलासुद्धा नाही. तो कपातला चहा बशीत ओतत होता. मला वाटतं मिस्त्रीने तोंड उघडलं होतं. मग त्याने मान खाली घातली आणि कानस पुन्हा सुरू झाली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

"मिस्त्री रोज पन्नास बंदुका बघतो," शेठ म्हणाला. "त्याला काय आठवणार? मी तुमचं वाईट चिंतीन का? एक मार्ग आहे. बंदूक मला राजीखुशीने विकून टाका. परवाना परत करा. पुढचं मी निस्तरतो. ताईंच्या नावाला धक्का नाही."

मी बोलायला हवं होतं. आठ-पंधरा दिवसांचं काम आहे, आम्ही आत्ता जाऊन अर्ज टाकतो, कळवा तुम्हाला कुणाला कळवायचंय ते. एवढंच. मला सगळं माहीत होतं. माझ्याकडे पदवी होती. पण मी नुसती त्या सहीकडे बघत राहिले. आबा मला म्हणाले, "शालू, तू भाईर थांब." मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. कंपनीच्या बसमधून कामगार उतरत होते. आत आबांनी कागदावर सही केली, मग बंदूक एकदा उचलली, दुमडली, मिटली. काचेतून तो खट् ऐकू आला नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. घोटवड्याचा फाटा मागे पडला. मग म्हणाले, "तुझी नोकरी झाली म्हणजे झालं." त्यांच्या हातात बंदुकीची रिकामी खाकी कापडी खोळ होती, तेवढी शेठने परत दिली होती. घरी आईने ती बघितली आणि चुलीकडे वळली. त्या रात्री तिने आबांच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं होतं. ते तसंच राहिलं.

नोकरी लागली. पहिल्या पगाराचं मी आबांना घड्याळ आणलं, त्यांनी ते ट्रंकेत ठेवलं. सुगीच्या दिवसांत बबननाना ओढा उतरून आले नाहीत. एकदा पाणवठ्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "काय हवालदार, आता तुमी बी आमच्यावानी डबंच बडवा की." हसत म्हणाले, वाईट मनाने नाही. आबाही हसले. पण त्यानंतर त्यांना ओट्यावर कुणी बोलावलं नाही, आणि आकडा पुटपुटणं त्यांनी बंद केलं. रविवारी ते पडवीत बसत आणि हात नुसते एकमेकांवर चोळत राहत. ते गेले तेव्हा वरच्या आळीतले लोक आले, लांब उभे राहिले, लवकर गेले.

पांचाळ मिस्त्री मला पुढे एकदा पिरंगुटच्या थांब्यावर भेटला. दुकान सोडून दिलं होतं त्याने, डोळे अधू झाले होते. मी ओळख दिली तेव्हा तो खाली बघू लागला, जणू समोर बाक आहे. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाही?

"बोललो असतो तर सांजच्याला रस्त्यावर असतो," तो म्हणाला. "घरात पाच खाणारी." मग म्हणाला, "शेठनं लायसन जमा करायच्या आदी आकडा दुरुस्त करून घेतला, ताई. अर्ज टाकून. बारा दिवस लागलं."

मी बस येते का ते बघू लागले.

"तुमी तरी कुटं बोलला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. माझी बस आली आणि मी त्याचा निरोप न घेता चढले. त्याच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्याने माझ्या आबांना जे सुख दिलं ते खरं होतं. त्याने मान खाली घातली तेही खरं. आणि मी ज्या मापाने त्याला मोजते, त्याच मापात मी आधी बसते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेला बाक मिळणार होते. मुठा खोऱ्यात आता वरच्या आळीतल्या खाचरांवर शहरातल्या लोकांचे बंगले आहेत. बबननानांच्या मुलांनी ती जमीन कधीच विकली. तिथल्याच एका साहेबांनी बाक देऊ केले होते आणि मला बंगल्यावर बोलावलं होतं. दिवाणखान्यात शिरले आणि समोरच्या भिंतीवर ती होती. दोन पितळी आकड्यांवर आडवी टांगलेली. नळ्यांच्या तोंडात शिसं ओतून त्या बंद केल्या होत्या.

"आवडली मॅडम?" साहेब म्हणाले. "विलायती आहे. एका डीलरकडून मिळाली. नुसती शोभेची."

"खालचा आकडा बघू का?"

"आकडा?" ते हसले. "बघा की. मी कधी बघितला नाही."

मी चष्मा लावला, खुर्चीवर चढले नाही, नुसती टाचा उंचावून खालून बघितलं. चार सात एक एक तीन. मी तो मोठ्याने वाचला. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली.

मग त्यांनी कागद पुढे केला. बाक मिळाल्याची पोच, त्यांच्या कंपनीच्या नावाने, छान जाड कागदावर. चाळीस बाक मिळाले, आभारी आहोत. पेनही दिलं. मी म्हणाले, टेम्पो कुठे आहे? तो मागच्या फाटकाशी उभा होता. मी उन्हात जाऊन बाक मोजले, मग पुन्हा मोजले. परत येऊन चाळीस खोडलं, वर चौतीस लिहिलं आणि सही केली.

"अहो मॅडम, सहाच तर... येतील की नंतर."

"आले की त्यांची वेगळी पोच देईन."

त्यांचा चेहरा उतरला. ते सहा बाक कधी आले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांनी देणगी दुसऱ्या शाळेला दिली. माझ्या जागी आलेल्या बाईंना याचा राग आहे, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

निघताना साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. मी भिंतीपाशी थांबले. दस्त्याच्या मानेपाशी, जिथे तो दगडावर आपटला होता तिथे, डोळे मिटून नख फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा उलटं. सांधा कुठेच लागला नाही. इतकी वर्षं होऊनही लागला नाही. काम इतकं चांगलं केलं होतं त्या माणसाने.